पंचावन्न फुटांखाली

१

ऑगस्ट संपत आला की ईरी सरोवरावरचा पहाटेचा वारा पडतो आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. अशा दिवसांत अर्विद साडेपाचला धक्क्यावरून होडी सोडायचा. खाणीतून निवृत्त झाल्यापासूनचा त्याचा हा नेम. सोबत मेहुणा गाश्पार, कॉफीचे दोन थर्मास, काळ्या पावाचे लोणी लावलेले तुकडे, आणि गाश्पारची बडबड, जिला थर्मासाप्रमाणे झाकण नव्हतं.

बारा मैल आत गेलं की सत्तर फूट पाणी लागतं. होडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत चाकावर गुंडाळलेली पोलादी तार, आणि तारेच्या टोकाला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गोळा खाली सोडायचा आणि गळाची दोरी तारेला चिमट्यानं अडकवायची, म्हणजे दोरीमागून येणारा पत्र्याचा चमकता चमचा हव्या त्या खोलीवर राहतो. मग इंजिन अगदी मंद ठेवून होडी फिरवत राहायची. स्टीलहेड मासा थंड पाण्याच्या कडेनं हिंडतो. हातभर लांब, रुपेरी आणि डोक्यानं फिरलेला. चमचा तोंडात गेला की तो आधी पाण्याबाहेर चार फूट उसळतो आणि मग विचार करतो. त्या उसळीसाठीच तर माणसं झोप मोडून इतक्या लांब येतात.

त्या सकाळी उजवीकडची गळाची काठी हलली. दोरी चिमट्यातून सुटली, काठी ताठ झाली, आणि मग पुढे काहीच नाही. गाश्पारनं रीळ फिरवायला घेतलं.

"मासा नाही दाजी. गवत अडकलंय."

पण मासाच होता. होडीच्या कडेला आला तो अगदी सरळ, शिकवलेल्या कुत्र्यासारखा. अर्विदनं जाळी पाण्यात धरली तर मासा स्वतःच वळला आणि डोकं पुढे करून जाळीत शिरला.

"अरेच्चा!" गाश्पार म्हणाला. "याला घरी फार जाच होता वाटतं. हा तर बोचकं बांधूनच आलाय."

अर्विदही हसला. मग तो गळ काढायला खाली बसला, आणि हसू तिथंच राहिलं. गळ कुठेच रुतलेला नव्हता. त्याचं टोक माशाच्या जबड्याला लागलंसुद्धा नव्हतं. माशानं तो पत्र्याचा चमचा नुसता दातांत घट्ट धरला होता. इतका घट्ट, की तो सोडवायला पक्कड घ्यावी लागली.

बर्फाच्या पेटीत ठेवल्यावर मासा फडफडला नाही. कल्ले तेवढे उघडत-मिटत होते. अर्विदनं झाकण लावलं. त्यानंतर सकाळभरात आणखी तीन आले. चौघांचीही तीच तऱ्हा.

२

घरी अर्विदच्या बायकोनं, पिरीनं, मासे ओट्यावर घेतले. मिरचीची लाल पूड, कांदा आणि आंबट साय घालून ती असा काही मासा करायची की गाश्पार बहिणीच्या दारात ताट घेऊनच उभा राहायचा. तिचे वडील धक्क्याजवळ मासळीचं दुकान चालवायचे, त्यामुळे वयाच्या नवव्या वर्षापासून तिच्या हातात सुरी होती.

"यांचं पोट रिकामं आहे," ती म्हणाली. "कितीतरी दिवसांचं."

"उन्हाळा आहे. खात नसतील."

"न खाणारा मासा गळाला कशाला लागेल?"

अर्विदनं वर्तमानपत्र उघडलं. त्याला त्या प्रश्नात शिरायचं नव्हतं. या घरात न शिरण्याजोग्या जागा आधीच बऱ्याच होत्या.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांची मुलगी आयला वल्ह्याची छोटी नाव घेऊन एकटीच पाण्यात गेली होती. पंचविशीची मुलगी, लहानपणापासून पाण्यात वाढलेली. दुपारी नाव बंदराच्या भिंतीपाशी उलटी सापडली. चार दिवस शोध घेतला. पाचव्या दिवशी शोध थांबला तेव्हा पाद्री घरी आले, पिरीचा हात हातात घेऊन म्हणाले, "तळाशी फार थंड असतं. तिथे लाट नाही, आवाज नाही, काही नासत नाही. ती झोपली आहे एवढंच समज."

पिरीनं ते शब्दशः धरलं. तिच्या जगण्याला तेवढीच एक खुंटी उरली होती. रोज जेवण झाल्यावर ती खिडकीबाहेर पाण्याकडे बघून म्हणायची, "शांत आहे ती." आणि अर्विद म्हणायचा, "हो."

त्या रात्रीही ती म्हणाली. त्या रात्रीही तो हो म्हणाला. पण मध्ये त्याला किंचित वेळ लागला, आणि तो तिच्या लक्षात आला.

३

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचाच तसा अनुभव होता. होडीवरच्या रेडिओवर लोक एकमेकांची थट्टा करत होते. कोणी म्हणे, मासे पाळीव झालेत. कोणी म्हणे, माझ्या बायकोनं यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात. दुपारपर्यंत थट्टा ओसरली. एक म्हातारा आवाज म्हणाला, "मी आज घरी चाललोय. असली मासेमारी मला नको." त्याला कोणी हसलं नाही.

गाश्पार मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे टक लावून बसला होता.

"दाजी, हे बघा."

पंचावन्न फुटांवर पडद्यावर एक जाड रेघ होती. उन्हाळ्यात तिथे वरचं कोमट पाणी संपतं आणि खालचं गार पाणी सुरू होतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, तेलापाण्यासारखी वेगळी राहतात. स्टीलहेडला गार पाणी हवं असतं, ऑगस्टात तो या रेघेला सोडत नाही. पण पडद्यावर सगळे मासे वर होते. दहा फुटांवर, पाच फुटांवर. रेघेखाली एकही ठिपका नव्हता.

होडीच्या कडेला पाणी डुचमळलं. अर्विदनं वाकून पाहिलं. तीन-चार मासे होडीला अंग चिकटवून पोहत होते. वरच्या कोमट पाण्यात त्यांना धाप लागली होती, तोंडं उघडी पडली होती, तरी ते खाली जात नव्हते.

"प्राणवायू," अर्विद म्हणाला. "दर ऑगस्टात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. पेपरात येतंच की. म्हणून वर पळतात."

"हां, ते आहेच," गाश्पार म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. थोड्या वेळानं मात्र तो म्हणाला, "पण दर ऑगस्टात ते गळ स्वतः दातांत धरून येत नाहीत. नाही का?"

"तू कॉफी ओत."

४

अर्विदनं एकतीस वर्षं या सरोवराच्या खाली काम केलं होतं. बंदराजवळच्या खाणीच्या विहिरीतून माणसं नेणारा पिंजरा दोन हजार फूट खाली उतरायचा, आणि तिथून मिठाचे बोगदे थेट पाण्याखाली मैल मैल गेलेले. माथ्यावर अख्खं सरोवर, आणि खाली एवढं कोरडं की ओठ फुटायचे. त्यामुळे या तळ्याखाली काय आहे ते त्याला गावात कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. आधी चिखल, मग खडक, मग मीठ. चौथं काही नाही. आयला गेल्यानंतर तो हे तिन्ही शब्द मनात म्हणायचा, जपासारखे. चिखल, खडक, मीठ.

तिसऱ्या दिवशी त्यानं एक गोळा पासष्ट फुटांवर सोडला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तार पाणी कापत जाते तेव्हा ती गुणगुणते. बारीक, एकसुरी. वर्षानुवर्षं ऐकून तो आवाज कानांना जाणवेनासा होतो, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा. सकाळी नऊच्या सुमाराला, लख्ख उन्हात, तो अर्विदला एकदम जाणवला. कारण तो थांबला होता.

होडी चालू होती. डावीकडची तार गुणगुणत होती. उजवीकडची गप्प. वाजती तार बोटांनी धरावी तशी.

गाश्पारचा पावाचा तुकडा तोंडापाशीच राहिला. "तळाला लागला असेल गोळा."

"तळ सत्तरवर आहे."

"मग वर घ्या. दाजी, वर घ्या ना तो!"

अर्विदनं बटण दाबलं. तारेच्या चाकाची छोटी मोटर घरघरली, दबली, एवढ्याशा वजनाला असा आवाज ती कधी करत नसे. होडीचा मागचा कोपरा चार बोटं खाली गेला. चाकावरचा खोलीचा आकडा सरकत होता. त्रेसष्ट. साठ. सत्तावन्न. आणि पंचावन्नवर, नेमका त्या रेघेवर, सगळा भार एकाएकी सुटला. कोपरा उसळून वर आला. गोळा हलका होऊन भराभर वर आला आणि होडीच्या कडेला लागून झुलत राहिला.

शिसं दोन दिवस पाण्यात राहिलं की काळपट पडतं. हा गोळा काळपटच होता, काल संध्याकाळी त्यानंच तो खोक्यात ठेवला होता. आता तो लख्ख झाला होता. चांदीच्या भांड्यासारखा.

"घासला गेला कशाला तरी. दगडाला," गाश्पार म्हणाला.

दगडाला घासलं तर ओरखडे उठतात, हे गाश्पारलाही कळत होतं. अर्विदला मात्र ही चकाकी ओळखीची होती. खाणीच्या पिंजऱ्यात एक लोखंडी दांडा होता. उतरताना प्रत्येक जण तो धरायचा, पाळीमागून पाळी, वर्षामागून वर्ष. तो दांडा असाच चमकायचा. ही चमक दगडानं येत नाही. हातांनी येते. पुष्कळ हातांनी.

बंदरात होडी बांधल्यावर गाश्पारनं आपले थर्मास उचलले.

"मी आता नाही येणार दाजी. मला घाबरट म्हणा, काही म्हणा. आणि तुम्हीही जाऊ नका. ताईला तर यातलं एक अक्षर सांगू नका."

"सांगण्यासारखं आहे काय?"

"तेच म्हणतो मी," गाश्पार म्हणाला, आणि वर न बघता निघून गेला.

५

त्या दिवशीचा एकच मासा होता. पिरीनं तो बराच वेळ ओट्यावर उलटासुलटा केला, पण सुरी लावली नाही.

"बाबांच्या दुकानात एकदा असे मासे आले होते," ती म्हणाली. "मोठ्या माशांनी हाकलत हाकलत उथळ पाण्यात आणलेले. बाबा म्हणाले, बघून ठेव पोरी, भ्यालेला मासा असा दिसतो. त्याला सुरीचं काही वाटत नाही. सुरी त्याला बरी वाटते."

"पिरी, तळाचा प्राणवायू..."

"गाश्पार येऊन गेला. जेवायला थांबला नाही. माझा भाऊ आयुष्यात कधी न जेवता गेलाय? काय झालं तिथे?"

अर्विदनं सांगितलं. गोळ्याबद्दल सांगितलं, पिंजऱ्यातल्या दांड्याबद्दल नाही. पण एकतीस वर्षं त्याचे कपडे धुतलेल्या बाईपासून खाणीतलं काही लपत नसतं. तिनं गोळा मागितला. तो तिनं दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं पुसला, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. घर रिकामं करताना एकेका खोलीतला दिवा मालवत जावं, तसा.

"मासे कशाला तरी भिऊन वर येतायत," ती म्हणाली.

"तसं म्हणता येणार नाही."

"आणि आयला खालीच आहे."

अर्विदनं ते तीन शब्द मनात म्हणून पाहिले. आज ते नुसतेच शब्द होते.

"मी दोन वर्षं काय म्हणत आले रे?" पिरी म्हणाली. "रोज. खिडकीत बसून. शांत आहे, शांत आहे. आणि ती तिथे..." तिनं गोळा ओट्यावर ठेवला. "उद्या मी येते."

"नाही."

"मी विचारत नाहीये, अर्विद."

६

आयला गेल्यापासून पिरी होडीत बसली नव्हती. ती मागच्या उजव्या कोपऱ्यात, तारेच्या अगदी शेजारी बसली. ऊन कडक होतं, आकाशात ढगाचा कपटा नव्हता, पाणी आरशासारखं. अशा उजेडात काही वाईट घडू शकेल, यावर कोणाचाच विश्वास बसला नसता. आसपास दुसरी एकही होडी नव्हती.

"किती खाली सोडलास?"

"पंचेचाळीस."

"तळापर्यंत सोड."

"पिरी, गळ चिखलात..."

"गळ काढून ठेव. मी मासे धरायला आले नाही."

त्यानं गोळा अडुसष्टवर सोडला. तार गुणगुणू लागली. पिरीनं दोन बोटं तारेवर ठेवली, वैद्यानं नाडी बघावी तशी. अर्धा तास गेला. होडीभोवती मासे जमले होते, त्यांच्या पाठी उन्हात चमकत होत्या. अर्विदला वाटू लागलं, काही होणार नाही. दुपारी घरी जाऊ, तिला दोन घास खायला लावू, आणि ही होडी विकून टाकू. हा विचार त्याला इतका बरा वाटला की आवाज कधी थांबला ते त्याला कळलंच नाही. कळलं ते पिरीच्या चेहऱ्यावरून.

"अर्विद," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एक नाहीये."

"काय एक नाहीये?"

"हात. खूप आहेत. एकमेकांना बाजूला सारतायत."

त्यानं इंजिन बंद केलं. होडी थांबली तरी मागचा कोपरा खाली जातच होता. पाणी काठाला टेकलं. त्यानं बटण दाबलं, मोटर रडल्यासारखी ओरडली. पासष्ट. एकसष्ट. सत्तावन्न. पंचावन्नला झटका बसला, कोपरा वर आला, पण पुरता नाही. बहुतेक भार गळून पडला होता. सगळा नाही.

"ओढ," पिरी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून पाण्यावर वाकली होती, चेहरा पाण्यापासून वीतभर. "ओढ, अर्विद. ओढ."

पन्नास. चाळीस. मोटरीतून जळका वास येऊ लागला. तीस. मासे एकदम पांगले. सूर्य बराच वर आला होता आणि पाणी काचेसारखं. वीस फुटांवर गोळ्याची चकाकी दिसली. अर्विदला वाटलं, जुनं जाळं आहे. मच्छीमारांची तुटलेली जाळी तळाला असतातच. मग पंधरा फूट आलं आणि त्याला गोळ्याच्या वर, तारेभोवती आवळलेली बोटं दिसली. पाच. पांढरी. मनगट. मनगटाखाली पाण्याची हिरवट सावली होती, आणि त्या सावलीत ते मनगट धरलेला दुसरा हात होता. त्याखाली तिसरा. आणि ती माळ तशीच खाली, दिसेनाशी होईपर्यंत.

"ओढ!"

त्यानं काही ठरवलं नाही. हे तो पुढे मनाशी शपथेवर सांगत राहिला. ठरवण्याएवढा वेळच नव्हता. गोळा तळाला अडकला तर तार मोकळी सोडण्याचा एक खटका चाकावर असतो. त्याचा हात त्या खटक्यावर गेला.

चाक किंचाळत फिरलं. तार सुसाट खाली गेली, आणि शेवटचा वेढा संपल्यावर टोकाची गाठ तुटली आणि तार पाण्यात गेली. होडी दोनदा डुलली आणि स्थिर झाली.

पिरी वाकलेलीच होती. बऱ्याच वेळानं ती उठून बसली. बंदर येईपर्यंत तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

७

सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेचा वारा सुटला आणि तीन दिवस घुसळण चालली. वरखालचं पाणी एक झालं. चौथ्या दिवशी गाश्पार दारात आला. चेहऱ्यावर जुनं हसू होतं.

"दाजी, ऐकलंत का? मासे पिसाळलेत! काल कोणाचीतरी काठीच ओढून नेली. एकेक असा उसळतो की बस. सगळं पूर्ववत झालं."

"बरं झालं," अर्विद म्हणाला.

मासे पुन्हा झुंजत होते, म्हणजे खाली आता शांत झालं असेल. किंवा मासे सरावले असतील. गाश्पार गेल्यावर अर्विद बराच वेळ या दोहोंमध्ये अडकून दारात उभा राहिला. मग तो स्वयंपाकघरात गेला. पिरी बटाटे सोलत होती. तीन आठवड्यांत ती त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. मीठ दे, फोन वाजतोय, पाऊस येणार, एवढंच.

या तीन आठवड्यांत अर्विदनं सगळं जुळवून ठेवलं होतं. जाळं. जाळ्यात मच्छीमारांचे रबरी हातमोजे अडकलेले. वर्षानुवर्षांचे, एकाखाली एक. पाण्यात ते फुगतात, पांढरे पडतात. भ्यालेल्या नजरेला काय वाटेल ते दिसतं. तो स्वतःशी इतक्यांदा हे बोलला होता की आता ते जवळजवळ खरं झालं होतं. आता तिनं ते मान्य केलं की झालं.

"जाळं होतं ते, पिरी," तो म्हणाला. "जुनं जाळं. हातमोजे अडकलेले. मला नीट दिसलं."

पिरीनं सुरी खाली ठेवली.

"तू उभा होतास," ती म्हणाली. "तुला हातच दिसले. मी वाकले होते."

त्याला तिला थांबवायचं होतं. त्यानं नुसता हात पुढे केला.

"तिनं वर पाहिलं, अर्विद. तू खटक्याकडे हात नेलास तेव्हा. तुला ओळखलं तिनं. हसली. तिला वाटलं, बाबा आता आणखी जोरात ओढणार."